तीन पौंडांची तबकडी

लॉरेट,

तुझ्या मरणाची बातमी पेपरात आली, ती मी कापून ठेवली नाही. ‘ओविला बर्जेरॉन यांच्या पत्नी, नॉर्मांड यांच्या आई. बागकाम आणि बिंगोची आवड होती.’ बिंगो! चर्चच्या तळघरातल्या बिंगोला तू आयुष्यात दोनदा गेलीस आणि दोन्ही वेळा भांडून घरी आलीस. बाग म्हणायची तर मागच्या कुंपणाला टेकवलेली चार टोमॅटोची रोपं. नॉर्मांडला जे सुचलं ते त्यानं लिहिलं, मुलगे असंच लिहितात. मला ते पटलं नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. वाचणारे तुला ओळखत नाहीत, तेव्हा तुला ठाऊक असलेलंही सांगावं लागेल. मधे बोलू नकोस.

तू जेमतेम पाच फूट. नदीकाठच्या लोकरीच्या गिरणीत एकतीस वर्षं सूत तपासायच्या खोलीत होतीस. ठरावीक लांबीची लड मोजायची, काचेच्या पेटीतल्या तराजूवर टाकायची आणि आकडा सांगायचा. सूत जाड उतरलं की बारीक, हे तुझ्या तोंडून आल्याशिवाय माग चालू व्हायचे नाहीत. फोरमन हुज्जत घालायचे आणि हरून जायचे. पुढे गिरणी बंद झाली. मिळालं त्यात तू आणि ओविलानं तीन मजल्यांचं लाकडी घर राखलं. खाली तुम्ही, मधे दिवसभर कामावर असणारं एक जोडपं आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून मी, मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. अमेरिकेतल्या या वूनसॉकेट गावात आमच्या गल्लीत सगळीच घरं अशी. तळघरात एक बॉयलर, त्यातून वर चढणारे पाइप, प्रत्येक खोलीत लोखंडी रेडिएटर. पाणी उकळायचं, वाफ वर यायची, खोल्या तापायच्या. तीनही मजल्यांची ऊब घरमालकाच्या गळ्यात.

ती ऊब ओविला सांभाळायचा. थंडी वाजली की मी चमचा घेऊन पाइपवर दोनदा ठोकायची. गल्लीतला प्रत्येक वरचा मजला असाच बोलायचा. ठोकलं की ओविला जिना उतरायचा आणि बॉयलरवरच्या करड्या पेटीचा स्क्रू थोडा वर फिरवायचा. वाफेचा दाब किती झाला की आग बंद करायची, हे ती पेटी ठरवते. थंडी जास्त म्हणजे दाब जास्त हवा, हे आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याइतकं उघड समजायचे. पाइप दणादणा वाजायचे, माझ्या रेडिएटरची हवा सोडणारी टोपी गंजाचं पाणी भिंतीवर थुंकायची, आणि मी कुडकुडत पुन्हा ठोकायची. तीस वर्षं मुलींना दाब शिकवला मी. तळघरात एकदाही उतरून पाहिलं नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे सगळं ओविलाच्या माथी जायला नको.

ओविला मे महिन्यात गेला. ऑक्टोबरात पहिली थंडी पडली आणि माझा मजला तापेचना. मी तुला सरळ सांगितलं, “लॉरेट, मी सत्तरीची झाले. स्वयंपाकघरात कोट घालून बसणं आता होत नाही. असंच राहिलं तर मला बहिणीकडे जावं लागेल.”

तू रागावली नाहीस. फक्त म्हणालीस, “नॉर्मांडच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस.”

ते गेलंच. पुढच्या शनिवारी नॉर्मांड एका भट्ट्या विकणाऱ्या माणसाला घेऊन हजर झाला. पेल्की त्याचं नाव. तुझ्या ओव्हनमध्ये शनिवारचे बीन्स शिजत होते आणि तो टेबलावर रंगीत कागद पसरून बसला.

“वाफ मेली, मिसेस बर्जेरॉन,” तो म्हणाला. “घरात वाफ ठेवणारे आता म्हातारेच उरलेत.”

“मग बरोबर पत्त्यावर आलास.”

“मा, चेष्टा पुरे,” नॉर्मांड म्हणाला. “तिसरा मजला रिकामा पडला तर हे घर चालत नाही, तुलाही माहीत आहे. दोनच वाटा आहेत. हे रेडिएटर उपटून गरम हवेची भट्टी बसवायची, त्यासाठी घरावर कर्ज काढायचं. नाहीतर घर विकायचं आणि तू आमच्याकडे यायचं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येतो, तोवर ठरव.”

“तुमच्याकडे म्हणजे गॅरेजवरच्या खोलीत?”

“छान खोली आहे, मा.”

“मी तिच्याबद्दल वाईट कुठं बोलले? ती तुझ्या बोटीला दे.”

मग तू पेल्कीला घेऊन खाली गेलीस. मीही मागे आले, मला कोणी बोलावलं नव्हतं तरी. जिना उतरताना तो म्हणाला, “या वयात हा जिना बरा नव्हे, मिसेस.” तू म्हणालीस, “तू जपून उतर. तुझे बूट गुळगुळीत आहेत.”

बॉयलर पेटलेला होता. तू विचारलंस, “आत्ता दाब किती आहे?”

पेल्कीनं दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर टिचकी मारली. “शून्याच्या आसपास. बघा ना, दमच नाही उरलेला.”

“आसपास म्हणजे किती?”

तो हसला. “आसपास म्हणजे आसपास, मिसेस.”

तिथं त्याचं बिनसलं, आणि त्याला कळलंही नाही. आकडा विचारल्यावर ‘आसपास’ म्हणणाऱ्या माणसाला तुझ्या त्या खोलीत कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर तू मला पुन्हा खाली ओढलंस. बॉयलरला सुतळीनं बांधलेली बनवणाऱ्यांची पुस्तिका होती, तिच्यावरची काजळी तू ओल्या फडक्यानं पुसली होतीस. घराला लागणारा दाब चौरस इंचाला दोन पौंडांच्या आत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. आणि समोरच्या गेजची तबकडी तीस पौंडांपर्यंतची. शून्य आणि दोन यांच्या मधल्या जागेवर तू अंगठ्याचं नख ठेवलंस. नखाखाली ती जागा झाकून गेली.

“बघ. माझा अख्खा हिवाळा एवढ्यात मावतो,” तू म्हणालीस. “पोतं तोलायच्या तराजूवर सुताची लड टाकल्यासारखं आहे हे. यावरून तो म्हणतो वाफ मेली! हे गेज सांगू शकेल का, मेली की जिवंत आहे?”

“नाही सांगू शकत,” मी म्हणाले. एवढं पदार्थविज्ञान मला येत होतं.

सोमवारी आपण प्लंबरांच्या सामानाच्या दुकानात गेलो. काउंटरपुढे सहा-सात पुरुष रांगेत, सगळ्यांच्या बोटांना ग्रीस. काउंटरमागचा फर्नांड तुला फ्रेंचमध्ये ‘मेमेअर’, म्हणजे आजी, म्हणाला आणि तू त्याला सांगितलंस की मी तुझी आजी नाही, तुझी आजी माझ्या हाताखाली सूत गुंडाळायची.

“कमी दाबाचं गेज हवंय. घरच्या बॉयलरसाठी.”

“घराला तीसचंच लागतं. नियमच आहे. इन्स्पेक्टर तेच बघतो.”

“इन्स्पेक्टरला त्याचं राहू दे, मी काढत नाही. हे दुसरं माझ्यासाठी.”

रांगेतून एकजण म्हणाला, “बाई, नवऱ्याला पाठवा ना, पटकन उरकेल.”

“तो मेलाय,” तू मागे न बघता म्हणालीस. “पण तुझ्यापेक्षा उपयोगी पडेल अजून.”

त्यानंतर रांगेत कुणाला घाई उरली नाही. फर्नांडनं तीन गेजं मांडली. पंधरा पौंडांचं, पाचाचं आणि तीनाचं. पंधराचं तू बोटानं मागे सारलंस. पाचाच्या तबकडीवर नख ठेवून पाहिलंस, तीनाच्या तबकडीवर ठेवून पाहिलंस.

“पाचाचं घ्या,” फर्नांड म्हणाला. “थोडं कमीजास्त झालं तर सांभाळून घेतं. तीनवाल्यावर जादा दाब बसला की आतली पट्टी वाकते. मग ते खिडकीत ठेवायला बरं.”

“मला कमीजास्त करायचंच नाहीये. माझं काम दीड पौंडाचं. तबकडी तीनाची असली की काटा मधोमध उभा राहील आणि मला चष्म्याशिवाय दिसेल. काठाशी चिकटलेला काटा मी ओविलाच्या अख्ख्या जन्मभर पाहिला.”

“जादा दाब बसला तर माझ्याकडे येऊ नका.”

“नाही येत. आणि आले तर गिऱ्हाईक म्हणून येईन, रडायला नाही.”

गेज बसवायला बॉयलरच्या वरच्या अंगाला एक बुजवलेलं भोक होतं. आग बंद करून, सगळं गार होऊ देऊन आपण दोघी त्या बुचाच्या मागे लागलो. पाना तुझा, त्याच्या दांड्यात खुपसलेला चार फुटी पाइप ओविलाचा आणि वजन दोघींचं. बूच हलेना. तू म्हणालीस, “लटक.” मी म्हणाले, “मी शिक्षिका आहे.” तू म्हणालीस, “मग शिकवून लटक.” तिसऱ्या झटक्याला ते असं सुटलं की मी कोळशाच्या जुन्या खणात जाऊन बसले. तू आधी आटे तपासलेस, मग मला हात दिलास.

आट्यांवर पांढरी फीत गुंडाळून गेज बसलं. आग लावली. वीस मिनिटं काहीच नाही. मग काटा हलला, एकावर आला, दोनावर आला, आणि आपण अजून ‘वा’ म्हणतोय तोवर तीनाच्या पलीकडे जाऊन खुंटीला आपटला. तू धावत जाऊन स्विच बंद केलंस. दाब उतरला तरी काटा परत आला नाही. वाकला होता.

“झालं,” मी म्हणाले. “फर्नांड हसेल आता.”

तू उपड्या बादलीवर बसलीस आणि तूच हसायला लागलीस. “अगं, जुन्याकडे बघितलंस का? सगळा वेळ ते शून्याशीच होतं. एक म्हणतंय काहीच नाही, दुसरं म्हणतंय तीनाच्या वर. यातलं मोडलेलं खरं बोललं.”

तिथून सगळं उलगडत गेलं. जुनं गेज आणि करडी पेटी, दोन्ही एकाच नळीवर बसवलेली होती, डुकराच्या शेपटीसारखी पिळलेली. दुसऱ्या दिवशी गार बॉयलरवरून तू ती काढलीस आणि उजेडाकडे धरून फुंकलंस. पलीकडे काही आलं नाही. विणकामाची सुई घातलीस तेव्हा गंजाचा काळा चिखल गोळ्यागोळ्यांनी बाहेर पडला. ती नळी किती वर्षं बुजलेली होती, देव जाणे. गेज आंधळं आणि पेटीही आंधळी. मी वरून चमचा ठोकायची, ओविला स्क्रू वर फिरवायचा. तो शेवटच्या खुणेवर जाऊन टेकला होता, आणि पेटीला तर काहीच कळत नव्हतं. दाब वाढत राहायचा. आणि जादा दाबात रेडिएटरची ती हवा सोडणारी टोपी एकदा मिटली की उघडत नाही. आत हवा अडकली की वाफेला वर यायला जागाच नाही. सगळ्यात वरचा मजला माझा, म्हणून सगळ्यात गारही माझाच. आम्ही तिघं मिळून वर्षानुवर्षं ऊब मागत होतो आणि तिची वाट अडवत होतो.

“बिचारा ओविला,” मी म्हणाले.

“बिचारा कसला?” तू सुई पुसत म्हणालीस. “चुकला. मेला म्हणून बरोबर होत नाही. सतरा वेळा सांगितलं होतं त्याला, ते पेटीखालचं काहीतरी काढून बघ. म्हणायचा, बायकांना काय कळतं त्यातलं.” मग म्हणालीस, “प्रत्येक वेळी उठून खाली यायचा मात्र. तेवढं खरं.”

फर्नांडकडे आपण पुन्हा गेलो. तो भुवया वर करून थांबला.

“सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतंस. मोडलं म्हणूनच कळलं. तसंच आणखी एक दे. त्याला स्वतःची पिळाची नळी दे, आणि मधे बसवायला एक छोटी तोटी. लागेल तेव्हा उघडेन, एरवी त्याला झोपू देईन.”

त्यानं तोटी काढून दिली आणि पहिल्यांदाच तुला विचारलं, “नळीत आधी पाणी भरायचं, माहीत आहे ना? वाफ थेट गेजात जायला नको.”

“आता कसं कामाचं बोललास.”

साफ केलेली जुनी नळी परत बसवून तू पेटीचा स्क्रू पार खाली आणलास. अर्ध्या पौंडाला आग लागावी, दीडला विझावी. मला वर पाठवलंस. मी रेडिएटरवर हात ठेवून उभी होते. टोपीतून बराच वेळ नुसती हवा येत राहिली, एखाद्यानं निवांत श्वास सोडावा तशी, ना आपटणं ना थुंकणं. मग लोखंड एका टोकाकडून तापत आलं आणि मला हात काढावा लागला. आनंदानं मी चमचा घेऊन ठोकलं. तू जिन्यातून ओरडलीस, “अजून गार?”

“नाही गं! भाजलं!”

“मग ठोकतेस कशाला, बाई! काळजात धस्स झालं ना!”

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी नॉर्मांड आणि पेल्की कागद घेऊन आले. या वेळी तू त्यांना टेबलापाशी बसूच दिलं नाहीस. दोघांना बॉयलरसमोर उभं केलंस, तोटी उघडलीस आणि म्हणालीस, “बघा.” काटा पावावर आला, अर्ध्यावर आला, एकावर आला. दीडला पेटीत टक् झालं, आग विझली. काटा सावकाश उतरला. अर्ध्याला पुन्हा टक्, आग पेटली. पेल्की खिशात हात घालून बघत होता. मग तू त्यांना माझ्याकडे वर पाठवलंस. मी ब्लाउजच्या बाह्या दुमडून दार उघडलं, मुद्दामच.

“आज बाहेर तशी थंडी नाही,” पेल्की खाली येऊन म्हणाला.

“मग थंडी पडेल तेव्हा ये. खुर्ची मांडून ठेवते.”

“मिसेस बर्जेरॉन, हा बॉयलर जुना आहे. आज ना उद्या—”

“मीही जुनी आहे. तुझ्या कागदात माझ्या जागी काय बसवायचं तेही लिहिलंयस का?”

“मा, तो तुझ्या भल्यासाठीच सांगतोय,” नॉर्मांड म्हणाला.

तू वळलीस त्याच्याकडे. आवाज चढवला नाहीस. “नॉर्मांड, तो म्हणाला दाब शून्याच्या आसपास आहे. होता तीनाच्या वर. तो न बघता माझं घर गहाण टाकायला निघाला होता, आणि तू पेन घेऊन उभा होतास. माझं भलं करायचं तर आधी मोजायला शीक. सही होणार नाही. घरही विकणार नाही. जेवायला उद्या दोन वाजता या, डुकराच्या खिम्याचा मीट-पाय भाजलाय.”

पेल्की पुन्हा दिसला नाही. नॉर्मांड मात्र जानेवारीत आला, सकाळी सातला, रस्ता बर्फानं कडक झालेला आणि नाकातली हवा गोठवणारी थंडी. थेट तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे आला. कोट काढला, मग स्वेटर काढला, आणि नुसत्या शर्टावर बसून कॉफी प्यायला. ते कागद तेव्हाही कोटाच्या आतल्या खिशात होते, कोपरा दिसत होता. जाताना खाली तुझ्या दारात थांबून एवढंच म्हणाला, “मा, ती पिळाची नळी वर्षातून किती वेळा काढायची?”

“दर ऑक्टोबरात,” तू म्हणालीस. “पुढच्या वेळी तू काढ. मी उजेड धरते.”

इथं कुणी म्हणेल, जिंकलीस, आता निवांत बस. तुला ते जमणार नव्हतं. फेब्रुवारीत एक दिवस तू गेजसमोर बराच वेळ उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, “हे तरी खरं बोलतंय कशावरून? जुन्यावर विश्वास नाही ठेवला, मग यावर का? आमच्याकडे दर सोमवारी पितळी वजनं टाकून तराजू तपासायचे. मीच तपासायची. याला कोण तपासणार?”

तेव्हा मला अखेर माझ्या विद्येचा उपयोग सापडला. मी म्हणाले, पाणी तपासेल. पारदर्शक नळी घ्यायची, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून भिंतीवर खिळ्यांनी टांगायची, अर्धी पाण्यानं भरायची. एक टोक गार नळीतून बॉयलरला, दुसरं उघडं. एक पौंड दाबाला एका बाजूचं पाणी दुसऱ्यापेक्षा सुमारे अठ्ठावीस इंच वर चढतं. तुझ्या शिवणाच्या टेपनं मोजायचं. पाण्याला खोटं बोलता येत नाही.

तू इतकी खूश झालीस की भिंतीवर लगेच दोन खिळे ठोकलेस. “दहा फूट नळी,” तू म्हणालीस. “तू आण, तुला नीट मागता येईल. मी गेले की हार्डवेअरच्या दुकानातला तो पोरगा मला, नळी माशांच्या टाकीला हवी का, असं विचारत बसतो.”

शनिवारी आणते, असं मी म्हणाले. शनिवारी बर्फ पडलं. पुढच्या आठवड्यात माझा गुडघा सुजला. मग तुझ्या घरी पाहुणे. “थंडी संपायच्या आत आण म्हणजे झालं,” तू म्हणालीस, “वाफ नसेल तर तपासायचं काय?” मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी तू स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेलीस, रेडिएटर गरम असताना.

घर आहे. नॉर्मांडनं ते विकलं नाही, कर्जही काढलं नाही. मला फोन करून विचारतो, “काटा दीडवर येतोय, बरोबर आहे ना?” मी सांगते, दीडवर येतोय एवढंच मला दिसतं, बरोबर आहे की नाही ते अजून कुणी तपासलेलं नाही. भिंतीवर दोन खिळे तसेच आहेत. हार्डवेअरचं दुकान कोपऱ्यावरच आहे, गुडघाही आता बरा आहे. दहा फूट नळी मी अजून आणलेली नाही.